कॉपर कॉम्प्लेक्सचा टीजीए : नमुना पाठवण्याआधी काय कराल?

शहापूर-मुरबाडहून कल्याण, उल्हासनगर, ठाणे इथल्या महाविद्यालयांत एम.एस्सी. रसायनशास्त्र शिकायला जाणारे विद्यार्थी दरवर्षी साधारण एकाच सुमारास तेच प्रश्न विचारतात. तिसरे सत्र सुरू झालेले असते. ‘नायट्रोजन असलेल्या सेंद्रिय लिगँडची कॉपर कॉम्प्लेक्स’ असा विषय ठरलेला असतो, हिरवी किंवा निळी पावडर बाटलीत तयार असते आणि गाइडनी सांगितलेले असते की टीजीए करून घ्या. तो कुठे होतो? नायट्रोजनमध्ये करायचा की हवेत? आलेला कर्व्ह वाचायचा कसा? आणि सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न : शेवटी उरलेले वजन हिशोबाशी जुळत नाही, आता काय लिहू?

या शेवटच्या प्रश्नाला कर्व्ह आल्यानंतर फारसे समाधानकारक उत्तर देता येत नाही. चूक बहुधा नमुना पाठवण्याआधीच झालेली असते. अपेक्षित वजनघटीचा हिशोब कागदावर मांडलेला नसतो आणि नमुना नीट वाळलेला नसतो. नव्या अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ क्रेडिट आहेत. एवढे वजन असलेल्या कामातली ही दोन कामे तुमच्या स्वतःच्या हातातली आहेत, आणि त्यांना पैसे लागत नाहीत.

टीजीए खरेच लागणार आहे का?

टीजीए म्हणजे नमुना ठरलेल्या वेगाने तापवत त्याचे वजन सतत नोंदवणे. किती तापमानाला किती वजन गेले एवढेच तो सांगतो. काय गेले, हे तो सांगत नाही. ते तुम्हाला हिशोबावरून आणि इतर पुराव्यांवरून ठरवावे लागते. म्हणून आधी स्वतःला विचारा की तुम्हाला नेमके काय सिद्ध करायचे आहे.

* फक्त तांब्याचे प्रमाण हवे असेल तर महाविद्यालयातली मफल फर्नेस किंवा आयोडोमेट्री पुरते. टीजीएवर खर्च करू नका.
* पाण्याचे रेणू किती आणि ते कसे जोडलेले आहेत हे दाखवायचे असेल तर टीजीए हवा.
* कॉम्प्लेक्स किती तापमानापर्यंत टिकते, लिगँड किती टप्प्यांत जाते हे हवे असेल तरी टीजीए हवा, आणि सोबत डीटीए किंवा डीएससी असेल तर उत्तम.

मफल फर्नेसची पद्धत जुनी आहे, पण चांगली आहे. स्थिर वजनाच्या पोर्सिलीन क्रूसिबलमध्ये सुमारे ०.२ ग्रॅम नमुना घ्या, झाकण थोडे तिरके ठेवा, भट्टी थंड असतानाच क्रूसिबल आत ठेवून हळूहळू तापमान वाढवा. एकदम गरम भट्टीत ठेवलेत तर हलकी पावडर उडते आणि सगळा प्रयोग वाया जातो. लिगँड जळताना निघणारा धूर घातक असतो. नायट्रोजनयुक्त सेंद्रिय पदार्थ अर्धवट जळताना अमोनिया, नायट्रोजनचे ऑक्साइड, प्रसंगी हायड्रोजन सायनाइडही निघू शकतो. भट्टीवर एक्झॉस्ट नसेल तर हे काम करूच नका. आपल्याकडे वीज मध्येच जाते. तसे झाले तर भट्टीचे दार उघडू नका, वीज आल्यावर पुन्हा तापवा आणि लागोपाठची दोन वजने सारखी येईपर्यंत थांबा. सल्फेट असलेल्या कॉम्प्लेक्ससाठी ८०० अंशांच्या पुढे जावे लागते, कारण कॉपर सल्फेटचे ऑक्साइड होण्याची क्रिया ७०० अंशांच्या आसपास चालू असते. क्लोराइड असलेल्या कॉम्प्लेक्ससाठी मात्र ही पद्धत वापरू नका. तांबे क्लोराइडच्या रूपात उडून जाते आणि उत्तर कमी येते. तिथे आयोडोमेट्री बरी.

आधी हिशोब, मग नमुना

उदाहरण म्हणून प्रकल्पांत नेहमी येणारे कॉपर सॅलेन घेऊ. सॅलिसिलाल्डिहाइड आणि एथिलीनडायअमीन यांपासून लिगँड बनते आणि कॉपर ॲसिटेटशी ते कॉम्प्लेक्स देते. निर्जल कॉम्प्लेक्सचे रेणुवस्तुमान ३२९.८५. आता १०० भाग वजनातून शेवटी काय उरेल ते मांडा :

* हवेत पूर्ण जळून काळा क्युप्रिक ऑक्साइड उरला : २४.१ टक्के
* लाल क्युप्रस ऑक्साइड उरला : २१.७ टक्के
* नुसता तांब्याचा धातू उरला : १९.३ टक्के
* कॉम्प्लेक्समध्ये पाण्याचा एक रेणू असला : सुरुवातीला ५.२ टक्के घट, शेवटी क्युप्रिक ऑक्साइड २२.९ टक्के

हे सगळे आकडे तुमच्या स्वतःच्या कॉम्प्लेक्ससाठी काढून वहीत लिहा, त्यावर तारीख घाला, आणि मगच फॉर्म भरा. निर्जल आणि पाणी असलेल्या रूपातला शेवटचा फरक जेमतेम सव्वा टक्क्याचा आहे, हे तेव्हाच लक्षात येते. म्हणजे शेवटच्या अवशेषावरून पाण्याचा निर्णय करता येणार नाही, पहिला टप्पाच स्वच्छ यायला हवा. कर्व्ह आल्यावर हिशोब करणाऱ्यांच्या बाबतीत उलटे घडते. दिसलेल्या घटीला बसेल असे सूत्र शोधले जाते, ‘अर्धा रेणू पाणी आणि पाव रेणू इथेनॉल’ असे काहीतरी जुळवले जाते, आणि व्हायवाला बाहेरचे परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात.

पावसाळ्यातले पाणी

माळशेज आणि कसारा घाटाच्या पायथ्याच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा पाण्याने भरलेली असते. तिसरे सत्र नेमके याच दिवसांत येते. कॉम्प्लेक्सची बारीक पावडर उघड्या वॉचग्लासवर ठेवली की ती हवेतले पाणी धरते. टीजीएला आपण १० मिलिग्रॅम नमुना देतो. त्यात ०.५ मिलिग्रॅम ओल शिरली तर ती ५ टक्के घट दाखवते. वरच्या हिशोबात पाण्याचा एक रेणू ५.२ टक्के होता! म्हणजे हवेतली ओल आणि स्फटिकातले पाणी कर्व्हवर जवळजवळ सारखे दिसू शकते, आणि कितीतरी प्रबंधांत ‘मोनोहायड्रेट’ म्हणून छापलेले संयुग प्रत्यक्षात फक्त दमट पावडर असते. यासाठी मी विद्यार्थ्यांच्या मागे लागतो ते असे :

* नमुना ओव्हनमध्ये १०० अंशांवर ‘चांगला वाळवून’ घेऊ नका. ओल जाईल, पण तुम्हाला मोजायचे असलेले स्फटिकजलही त्याबरोबर निघून जाईल.
* डेसिकेटरमध्ये ठेवून रोज वजन घ्या. लागोपाठ वजने स्थिर झाली की नमुना तयार झाला. हे आकडे वहीत हवेत, ते तुमचा पुरावा आहेत.
* डेसिकेटरमधले निळे सिलिका जेल गुलाबी झाले असेल तर ते काही शोषत नाही. ते बाहेर काढून ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवा. झाकणाच्या कडेला ग्रीस आहे ना, तेही पाहा.
* धुण्यासाठी इथेनॉल किंवा मिथेनॉल वापरले असेल तर तेही अडकून राहते. शेवटचे धुणे कशाने केले ते लिहून ठेवा.
* जमले तर त्याच नमुन्याचा भाग जानेवारीत पुन्हा तपासा. कोरड्या हवेतही पहिली घट तेवढीच आली तर ते पाणी खरे.

आयआरमध्ये ३४०० च्या आसपास रुंद पट्टा दिसला म्हणून पाणी सिद्ध झाले असे समजू नका. पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी पावसाळ्यात स्वतःच ओल धरते. सीएचएन विश्लेषणात हायड्रोजन आणि कार्बन दोन्ही पाण्याच्या रेणूसह जुळले तर दावा पक्का होतो.

हे नमुने तापवू नका

इथे मी सविस्तर कारणे देत बसत नाही, नियम तेवढा सांगतो. सेंद्रिय नायट्रोजन लिगँड आणि परक्लोरेट आयन एकाच संयुगात आले की ते तापवल्यावर, घासल्यावर किंवा नुसते स्पॅट्युलाने खरवडल्यावरही स्फोट होऊ शकतो. अझाइडचेही तेच. नायट्रेट असलेली काही कॉम्प्लेक्सही अचानक भडकतात. जुन्या शोधनिबंधांत कॉपर परक्लोरेटच्या कृती सर्रास दिसतात. त्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी नाहीत.

* सुरुवात कॉपर ॲसिटेट, क्लोराइड किंवा सल्फेटने करा. मोरचूद तर आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरातही असते, पण प्रकल्पासाठी प्रयोगशाळेच्या दर्जाचेच घ्या.
* लिगँड जाळण्यासाठी परक्लोरिक आम्ल कोणी सुचवले तर नम्रपणे नकार द्या.
* नायट्रेट असलेला नमुना टीजीएला द्यायचाच असेल तर फॉर्मवर तसे ठळक लिहा, ऑपरेटरशी आधी बोला, आणि १-२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये अशी विनंती करा. माहिती लपवलीत तर यंत्र बिघडू शकते, आणि समोरच्या माणसाला इजा होऊ शकते.

नमुना कुठे द्याल?

पहिला पर्याय तुमच्या विभागाचाच. महाविद्यालयाचा कोणत्या संस्थेशी करार आहे का, हे विभागप्रमुखांना विचारा. नंतर मुंबई विद्यापीठाचा कलिना इथला रसायनशास्त्र विभाग. त्यानंतर पवईच्या आयआयटी मुंबईतले सैफ, म्हणजे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणारे उपकरण केंद्र. बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीच अशी केंद्रे उभी राहिली, त्यामुळे ‘आम्हाला कोण आत घेणार’ असा संकोच बाळगू नका. २०२० मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर देशभरातली उपकरणे शोधता येतात आणि वेळ मागता येते. कोचीसारख्या दूरच्या केंद्राला नमुना कुरियरने पाठवता येतो, रांग तिथे कधीकधी छोटी असते.

खाजगी प्रयोगशाळा लवकर निकाल देतात, पण त्यांचे शुल्क जास्त असते आणि विद्यार्थ्यांसाठीची सवलत बहुधा नसते. शुल्क दरवर्षी बदलते, म्हणून वरच्या वर्गातल्या कुणी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. कर धरून एकूण किती, हे लेखी मागवा. विद्यार्थी-दर मिळण्यासाठी बहुतेक ठिकाणी गाइडची सही, विभागाचा शिक्का आणि ओळखपत्राची प्रत लागते.

स्वतः पवईला जाणार असाल तर आसनगाव-आटगावकडच्यांनी लोकलने, लागल्यास ठाण्याला गाडी बदलून, कांजूरमार्गला उतरावे. मुरबाडकरांना एसटीने कल्याण आणि तिथून लोकल. नमुना घट्ट झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत, वर पॅराफिल्म, आणि ती बाटली सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवा. जाण्याआधी फोन करून नमुने स्वीकारण्याचा वार आणि वेळ विचारून घ्या. कसारा मार्गावरच्या लोकलच्या वेळा पाहता एक फेरी वाया गेली की अख्खा दिवस जातो.

फॉर्ममध्ये काय भराल?

‘टीजीए करून द्यावा’ एवढे लिहिलेत तर ऑपरेटर नेहमीच्या पद्धतीने, बहुधा नायट्रोजनमध्ये, करून देईल. ते तुमच्या उपयोगाचे असेलच असे नाही.

* वातावरण : शेवटी क्युप्रिक ऑक्साइड मिळवून तांब्याचे प्रमाण दाखवायचे असेल तर हवा. लिगँडचे टप्पे वेगळे पाहायचे असतील तर नायट्रोजन. पैसे एकाच रनपुरते असतील तर सुमारे ७०० अंशांपर्यंत नायट्रोजन आणि मग हवा असा बदल होतो का, ते विचारा. नायट्रोजनमध्ये मागे राहिलेला कोळसा हवेत जळून जातो आणि आकडा वाचता येतो.
* तापण्याचा वेग : मिनिटाला १० अंश. हवेत नमुना एकदम पेटत असेल तर ५.
* कमाल तापमान : ८०० ते ९०० अंश. त्याच्या फार पुढे जायची गरज नाही. हवेतही १००० अंशांच्या वर क्युप्रिक ऑक्साइड स्वतः ऑक्सिजन सोडू लागतो.
* क्रूसिबल : ॲल्युमिना मागा. ॲल्युमिनियम धातू ६६० अंशांना वितळतो. प्लॅटिनममध्ये तांब्याचा धातू तयार झाला तर तो प्लॅटिनमशी मिश्रधातू करतो आणि महागडे भांडे बाद होते.
* नमुन्याची माहिती : अपेक्षित सूत्र, त्यातला ॲनायन, क्लोराइड किंवा सल्फर आहे का, विषारी किंवा स्फोटक असण्याची शक्यता.

यंत्राची तपासणी कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटने केलेली असते. त्याचे टप्पे १२.३, १९.२ आणि ३०.१ टक्के यायला हवेत. अलीकडच्या तपासणीची प्रत मागायला लाजू नका, चांगले ऑपरेटर ती आनंदाने दाखवतात.

कर्व्ह हाती आल्यावर

चित्र नव्हे, मूळ आकड्यांची फाइल मागा. नुसत्या छापील आलेखावरून पट्टीने मोजमाप करणे हा वेळेचा अपव्यय आहे. मग डीटीजी, म्हणजे वजनघटीच्या वेगाचा आलेख पाहा. एकमेकांत मिसळलेले टप्पे तिथे सुटे दिसतात.

ढोबळ अंदाज असा : १०० अंशांच्या आत गेलेले वजन हे बहुधा ओल किंवा सैल स्फटिकजल. तांब्याला थेट जोडलेले पाणी साधारण १२० ते २२० अंशांच्या दरम्यान जाते. लिगँडचे तुटणे त्यानंतर. पण हे आकडे कायदा नाहीत. मोरचुदाचेच पाहा ना : पाच रेणूंपैकी चार सुमारे १२० अंशांपर्यंत निघून जातात आणि सल्फेटशी हायड्रोजन बंधाने बांधलेला शेवटचा २०० अंशांच्या पुढे तग धरतो. ‘२०० च्या वर गेले म्हणजे तांब्याला जोडलेले’ हा नियम तिथेच मोडतो.

अवशेष जुळत नसेल तर या क्रमाने तपासा :

* जास्त आला : नायट्रोजनमध्ये कोळसा उरला असेल, सल्फेट पूर्ण फुटले नसेल, किंवा न धुतलेले सोडियमचे मीठ आत असेल.
* कमी आला : कॉम्प्लेक्स न फुटता उडून गेले असेल, किंवा क्लोराइडबरोबर तांबे गेले असेल. डायक्लोरोबिसपिरिडीन कॉपरमध्ये पिरिडीनचा पहिला रेणू २७.० टक्क्यांचा टप्पा देतो, पण त्यापुढे क्लोराइड उडू लागल्याने शेवटचा आकडा निरुपयोगी असतो. लिगँड क्विनोलीन प्रकारचे असेल तर उडून जाण्याची शक्यता आधी पाहा.
* कर्व्ह मागे वळलेला दिसतो : नमुना हवेत पेटला. त्याने स्वतःच्या उष्णतेने तापमापक क्षणभर पुढे नेला. तांबे सेंद्रिय भागाच्या ज्वलनाला मदत करते, त्यामुळे कॉपर कॉम्प्लेक्समध्ये हे नेहमी घडते. नमुना निम्मा करून पुन्हा मागा.
* शेवटी वजन वाढले : नायट्रोजनमध्ये तयार झालेला धातू हवा लागताच ऑक्साइड झाला. ही चूक नव्हे, उलट धातू तयार झाल्याचा तो पुरावा आहे.

शक्य असेल तिथे अवशेषाचा पावडर एक्सआरडी करा. क्युप्रिक ऑक्साइड, क्युप्रस ऑक्साइड आणि धातू यांचे पॅटर्न स्पष्ट वेगळे असतात, आणि ‘अवशेष क्युप्रिक ऑक्साइड आहे’ या वाक्याला मग कुणी हात लावू शकत नाही.

ॲक्टिव्हेशन एनर्जी काढायची का?

बहुतेक प्रकल्पांत काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोट्स-रेडफर्न (१९६४) किंवा फ्रीमन-कॅरल (१९५८) पद्धतीने एका कर्व्हवरून एनर्जी, एन्ट्रॉपी सगळे काढून तक्ते भरण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. तेवढ्यावरून निघालेला आकडा कुठल्या मॉडेलची निवड केली यावर डोलत राहतो. उष्मीय विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, आयसीटॅकने, २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत एकाहून अधिक तापनवेग वापरण्यावर भर आहे. म्हणजे ५, १० आणि २० अंशांचे तीन रन, तिप्पट शुल्क. तेवढी ऐपत असेल तर जरूर करा. नसेल तर ते प्रकरण वगळा आणि वगळल्याचे कारण लिहा. परीक्षक यासाठी गुण कापत नाहीत. या विषयात पुढे जायचे असेल तर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून चालणाऱ्या इंडियन थर्मल ॲनालिसिस सोसायटीच्या थर्मन्स परिषदेची माहिती ठेवा.

उरलेले द्रावण सिंकमध्ये ओतू नका

भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी मुंबई पिते, बारवीचे पाणी कल्याणपासूनची शहरे. हे तलाव आपल्या दोन तालुक्यांच्या परिसरातले आहेत. तांबे माशांना आणि पाण्यातल्या जिवांना अगदी कमी प्रमाणातही मारक असते. गाळलेले द्रावण, धुण्याचे पाणी आणि फसलेले नमुने ‘तांबे – घातक कचरा’ अशा लेबलच्या कॅनमध्ये साठवा. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार त्याची विल्हेवाट अधिकृत यंत्रणेमार्फत लावणे ही महाविद्यालयाची जबाबदारी आहे. तुम्ही फक्त कॅन भरून, लेबल लावून, नोंदवहीत लिहून द्यायचे.

तुमचे हक्क

* मूळ डेटा फाइल तुमच्या कामाची आहे. गाइडकडे प्रत राहील, पण तुमच्याकडेही राहिली पाहिजे.
* शोधनिबंध झाला आणि काम तुमचे असेल, तर लेखकांत तुमचे नाव हवे. हे प्रकल्प सुरू होतानाच, मोकळेपणाने, बोलून घ्या. नंतर बोलणे अवघड जाते.
* जुन्या प्रबंधातला मजकूर उचलू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाला पात्र नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत असेल तर काम सुधारून पुन्हा सादर करावे लागते.
* माहितीपत्रकात नसलेले पैसे मागितले, किंवा मूल्यमापन अन्यायाचे वाटले, तर २०२३ च्या यूजीसी नियमांखाली महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करता येते. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. तक्रारीची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.
* आदिवासी विद्यार्थ्यांनी राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी स्वयम योजनेची चौकशी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी ती आहे. तिचे पैसे थेट खात्यात येतात, आणि ते वेळेवर मिळाले तर टीजीएच्या शुल्कासाठी घरी हात पसरावा लागत नाही.